अर्ध्या तासाचं ताट

कुकदादांनी जेवणाची किंमत कधी रुपयांत विचारली नाही. हॉटेल असो, लग्नाचा मांडव असो की एसटी थांब्यावरची भजी, ते आधी मनगटावरचं घड्याळ सरळ करायचे आणि विचारायचे, "किती मिन्टांचा?" समोरचा गोंधळला की त्यांना बरं वाटायचं. मग ते समजावून सांगत. हे ताट विकत घ्यायचं तर ते वाढणाऱ्याला स्वतःला किती मिनिटं राबावं लागेल, एवढंच त्यांना हवं असे. माझ्या चुलत बहिणीच्या लग्नात त्यांनी हा प्रश्न वाढप्यालाच विचारला. त्याने पनीरची पळी तशीच हवेत धरून मनाशी काहीतरी जुळवलं आणि म्हणाला, "काका, अख्खा दिवस जाईल."

"मंग तू काय खातंस?"

"घरून डबा आणलाय."

दादा मांडवभर हे सांगत फिरले. मुलाकडच्यांना ते आवडलं नाही.

न्हावा शेव्याच्या बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव. त्यांचे वडील मिठागरावर राबले. ते स्वतः तीसेक वर्षं मालवाहू जहाजांवर स्वयंपाकी होते, शेवटी चीफ कुक. गावाने त्यातला 'कुक' ठेवून घेतला आणि त्याला 'दादा' जोडला. मी हायस्कुलात ग्रंथपाल आहे. पुस्तकांजवळ बसणारा तो मास्तर, असा त्यांचा हिशोब असल्यामुळे मला ते मास्तर म्हणत. संध्याकाळी वाचनालय बंद करून मी त्यांच्या ओटीवर जाऊन बसे. बोलायचे ते, मी ऐकायचो.

जहाज धक्क्याला लागलं की बाकीची मंडळी बाजारात जात. दादा धक्क्यावरचे हमाल कुठे जेवतात ते शोधत. एखाद्या हमालाशेजारी जाऊन बसायचं, त्याच्या ताटाकडे बोट दाखवायचं, मग त्याच्या दंडाकडे, मग आपल्या घड्याळाकडे. भाषा लागत नसे. "जगात कुटंबी ह्यो प्रश्न कोनला समजला न्हाय, आसा झाला न्हाय," ते म्हणत. "न समजनारा मना एकच भेटला. आपल्या इथल्या कंटेनर यार्डाचा मॅनेजर."

एका सँडविचवाल्या साखळीवर त्यांचा खास डोळा होता. लाल पाटी, काचेमागे भाज्यांचे डबे आणि वीतभर लांब पाव. तिची दुकानं त्यांना सहा बंदरांत भेटली आणि सहाही ठिकाणी त्यांनी तेच एक सँडविच मागून खाल्लं. पाव तेवढाच, काकडीच्या चकत्या तेवढ्याच, विकणाऱ्याच्या डोक्यावरची टोपीसुद्धा तीच. पण हॉलंडच्या बंदरात काउंटरवरच्या मुलीने वीस-पंचवीस मिनिटं सांगितली. डर्बनला दोन तासांच्या आसपास. मनिलाला काचेमागचा माणूस आधी हसला, मग मागे मालक नाही ना ते पाहून त्याने तीन बोटं वर केली. तीन तास. आणि त्याच मनिलात, धक्क्यामागच्या गल्लीत, पत्र्याखाली भात आणि मासळी वीस मिनिटांत मिळत होती. "पाव त्योच, मास्तर," दादा म्हणायचे. "फकस्त मानूस सस्ता केलाय." आणि मग त्यांचं ते ठरलेलं वाक्य: "जा जेवान विकनाऱ्यालाच परवडत न्हाय, ता जेवान न्हाय. ती शोभा."

मी त्या काळात अर्थशास्त्राची जाड पुस्तकं वाचत असे. कोणत्या देशात राहणं किती महाग, हे मोजण्याच्या अनेक रीती त्यांत दिलेल्या होत्या. मी दादांना त्या समजावून सांगू लागलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "ह्या पुस्तकवाल्यांनी मोजायच्या वक्ताला बाजूला बसून खाल्ला व्हता का?" तेव्हा मला ते अडाणी वाटले होते, हे आज लिहून ठेवतो.

जहाज सोडल्यावर त्यांनी कंटेनर यार्डांच्या रांगेत रस्त्याकडेला टपरी टाकली. वर पत्रा, दोन बाकडी, चूल. भाकऱ्या करायला गावातली रंजना. नवरा गेल्यापासून ती कुठेही मजुरीला जायची; दादांनी तिला आणलं. तांदळाच्या दोन भाकऱ्या, कालवण, थोडा भात. हेच ताट आणि त्याला एकच नियम: अर्धा तास. त्याच्या वर एक मिनिट नाही.

पण कोणाचा अर्धा तास? इथे दादांची खरी रीत होती. यार्डात मालवाहू गाड्यांचे चालक येत, क्रेनवाले येत, कारकून येत. त्यांच्या पगाराकडे दादा बघत नसत. रिकामे कंटेनर आतून झाडणाऱ्या बायका असतात. त्या लोखंडी खोक्यात वैशाखात काय तापतं ते बाहेरून कळत नाही. साऱ्या यार्डात सगळ्यांत कमी मजुरी त्यांची. दर गुढीपाडव्याला, घरची गुढी उभी राहिली की दादा यार्डाच्या गेटवर जात आणि त्या बायकांना विचारत, "बायांनो, पगार वाढला का?" मजुरी वाढली असेल तर नव्या मजुरीच्या अर्ध्या तासाइतका ताटाचा दर, पुढच्या पाडव्यापर्यंत. वाढली नसेल तर तांदूळ महागो, तेल महागो, दर तोच. एका वर्षी अशीच मजुरी वाढली नाही, तेव्हा कालवणातले बोंबील गेले आणि स्वस्तातला बारीक जवळा आला.

एका उत्तरेकडच्या चालकाने वाटी ढवळून विचारलं, "कुकदादा, इसमें मछली किधर है?"

"अभी अभी इधर से गया," दादा म्हणाले. "तेरे को बास नहीं आया क्या?"

बाकड्यांवरचे सगळे हसले आणि त्या चालकाने आणखी एक भाकरी मागितली. चुलीवरून रंजना ओरडली, "दादा, फुकटच्या जोकवर भाकऱ्या जातान. जोकचा बी पैसा घ्या."

मी हे सगळं पाहिलेलं आहे. म्हणून पुढचंही मलाच लिहायला हवं.

रस्ता रुंद झाला आणि टपरीच्या जागेवर चालकांसाठी सुविधा केंद्र यायचं ठरलं. मोठा हॉल, स्वच्छतागृहं, खाण्याची दुकानं. काम घेतलेल्या कंपनीचा माणूस टपरीवाल्यांकडे संमतिपत्र घेऊन आला. जागा सोडा, हॉलमध्ये तुम्हाला गाळा. कागद इंग्रजी, वीसेक पानांचा. दादांना बोटीवरचं इंग्रजी येत होतं, वकिलाचं नाही. ते कागद घेऊन माझ्याकडे आले.

मी दोन दिवस तो वाचला, शब्दकोश शेजारी ठेवून. खरं सांगायचं तर मला तो आवडला. वाक्यं नीट होती, कलमांना आकडे होते. टपरीवाल्याला त्यात 'भागीदार' म्हटलेलं होतं. एका कलमात होतं की खाद्यपदार्थ आणि त्यांचे दर केंद्राच्या दर्जाला साजेसे असतील. मला त्यात दादांचा सन्मान दिसला. मी त्यांना म्हणालो, "चांगला कागद आहे. छप्पर आहे, नळ आहे, ओळखपत्र आहे. उद्या कोणी उठवणार नाही तुम्हाला."

"आतमदी ताट किती मिन्टांचा?"

"ते यात नाहीये, दादा."

"मंग दोन दिस काय वाचलास?"

मला राग आला. मी म्हणालो, "कायद्याच्या कागदात मिनिटं नसतात."

साऱ्या जगभर लोकांना बोटांनी विचारत फिरलेला माणूस. गावातल्या शिकलेल्या माणसापुढे मात्र त्याने मान तुकवली. "मास्तर म्हनतंय त बरा आसंल," म्हणाले आणि माझ्याच पेनाने सही केली.

टपरी एका सकाळी जेसीबीने पाडली. बाकडी आधी बाहेर काढू द्या म्हणून रंजना भांडली, तेव्हा तेवढी बाकडी वाचली. हॉल उघडला. गाळा मिळाला, कंपनी खोटं बोलली नाही. गाळ्यात चूल चालत नव्हती. जेवण बाहेरून डब्यांतून, सीलबंद आणायचं होतं. भाड्याची रक्कम आणि दर्जाला साजेसा दर एकत्र मांडले, तर ताट अर्ध्या तासावरून अडीच तासांवर जात होतं. हे सगळं त्या कागदात होतं. मी वाचलेल्या कागदात. केंद्राचा मॅनेजर वयाने लहान, बोलायला गोड. तो दादांना म्हणाला, "अंकल, तुम्ही स्वस्त विकलंत तर शेजारच्यांचा ब्रँड खराब होतो."

शेजारी लाल पाटी होती. तीच.

दादांनी गाळा उघडलाच नाही. ते लाल पाटीसमोर रांगेत उभे राहिले, सहा बंदरांत खाल्लेलं तेच सँडविच घेतलं आणि काचेपलीकडे पाहिलं. पलीकडे टोपी घालून रंजना उभी होती. तिला दोन मुलं आहेत. तिने काय करायचं होतं? दादांनी ताटाकडे बोट केलं नाही, दंडाकडे केलं नाही. नुसतं विचारलं, "रंजे, किती मिन्टांचा?"

"मिन्टांचा न्हाय, दादा," ती हळू म्हणाली. "पाच तास."

हे मला रंजनाने सांगितलं. दादांनी मला एवढंच सांगितलं, "आपला गाव सातवा बंदर झाला, मास्तर. सगल्यात वरचा नंबर."

त्यांनी मला एका शब्दाने बोल लावला नाही. याचा मला आजही राग येतो. शिव्या दिल्या असत्या, तो कागद माझ्या तोंडावर फेकला असता, तर मी काही सबबी सांगितल्या असत्या आणि मोकळा झालो असतो. ते मात्र पूर्वीसारखे ओटीवर बसत, माझ्यासाठी चहा सांगत. फक्त बंदरांच्या गोष्टी थांबल्या. पुढच्या पावसाळ्यात ते गेले. टपरी गेली म्हणून गेले, असं मी म्हणणार नाही. त्यांचं हृदय आधीपासून अधू होतं आणि खोट्या करुणेची त्यांना शिसारी होती. पण शेवटचं वर्ष त्यांनी कामाशिवाय काढलं आणि ते रिकामपण माझ्या वाचण्यातून आलं, हे खरं आहे.

शोकसभा आमच्याच हायस्कुलात झाली. केंद्राचा मॅनेजर हार घेऊन आला. दादा आमचे पहिले भागीदार होते, असं त्याने भाषणात सांगितलं. श्रमिकांच्या जेवणाबद्दल त्यांना किती कळकळ होती, हेही सांगितलं. त्यांना टपरीवरून उठवणारी माणसं पहिल्या रांगेत बसून मान हलवत होती. भाषण संपल्यावर त्याच्या माणसांनी लाल झाकणाचे डबे वाटायला घेतले. प्रत्येकाला एक सँडविच. कंटेनर झाडणाऱ्या बायका दाराबाहेर उभ्या होत्या, कामावरून आलेल्या, अंगावर ती तांबूस धूळ. डबे त्यांच्यापर्यंत गेले नाहीत. खुर्च्या मोजून डबे आणले होते.

आभार मानायचे माझ्याकडे होते. मी कागदावर चार चांगली वाक्यं लिहून आणली होती. उभा राहिलो तेव्हा माझ्या एका हातात तो कागद होता आणि दुसऱ्या हातात डबा. मी कागद खिशात घातला. आयुष्यात मी मोठ्याने फारसं बोललेलो नाही. आवाज माझा मलाच अनोळखी वाटला. मी मॅनेजरला विचारलं, "किती मिनिटांचं आहे हे?"

तो हसला. "सर, हे आमच्यातर्फे आहे. फ्री."

"फुकट आज आहे. उद्या किती मिनिटांचं?"

त्याला कळलं नाही. न समजणारा दादांना एकच भेटला होता, यार्डाचा मॅनेजर; मला हा दुसरा. मागच्या रांगेतून, ड्यूटीच्या टोपीसकट आलेली रंजना म्हणाली, "पाच तास." मग दाराबाहेरची एक बाई म्हणाली, "तुजा पाच. आमचा सा तास." मुख्याध्यापकांनी घाईने दोन मिनिटं शांतता पाळायला सांगितली. सगळे उभे राहिले. मी डबा टेबलावर ठेवला आणि बाहेर आलो.

लोक नंतर म्हणाले, मास्तर छान बोलले. त्याचं मला काही वाटलं नाही. तो प्रश्न विचारायची माझी वेळ माझ्याच टेबलापाशी, शब्दकोशाशेजारी येऊन गेली होती.

यंदा गुढीपाडव्याला, घरची गुढी उभी केली आणि यार्डाच्या गेटवर गेलो. झाडणाऱ्या बायका पाळी सुरू व्हायची वाट बघत सावलीला बसल्या होत्या. मला पाहून त्यांना काय ते कळलं. मी विचारलं, "वाढला का?"

"न्हाय," त्यातली थोरली म्हणाली.

म्हणजे दर तोच. दादा असते तर मागे वळून टपरीकडे गेले असते आणि रंजनाला म्हणाले असते, तोच ठेव. मी तिथेच उभा राहिलो. मागे वळायला काही नव्हतं. मग काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "अर्ध्या तासात आता काय मिळतं त्या हॉलात?"

तिने जरा विचार केला. मनाशी हिशोब केला, बरोबर दादांच्या रीतीने.

"पानी, मास्तर," ती म्हणाली. "ल्हान बाटली."