दारावरच्या कॅमेऱ्याची पिन

ताईला मोडकं काही बघवत नाही. तीस वर्षं तिने रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात काढली. घरातला पंखा कुरकुरला तरी ती अर्ध्या जेवणावरून उठते. मी तिची धाकटी बहीण, वरच्याच मजल्यावर राहते, आणि तिच्या या खोडीला जन्मभर हसत आले.

त्या आठवड्यात हसायची सोय नव्हती. ताईची लेक नवऱ्याचं घर सोडून आली होती, मानेवर बोटांचे वळ घेऊन. जावयाचा फोन आला तेव्हा ताईने ठणकावून सांगितलं, "ती इकडे फिरकलेलीच नाही." फोन ठेवल्यावर मात्र तिने आधी दाराला कडी घातली. तो खात्री करायला आला तर? दिवसातून दहादा आम्ही दाराची कडी तपासायचो.

आणि नेमका दारावरचा कॅमेरा बंद. मोबाइलवर नुसता काळा चौकोन.

चौथ्या दिवशी सकाळी लेकीला कुठे झोप लागली. ताई स्टुलावर चढली, मी स्टूल धरलं. कॅमेऱ्याला वीज देणाऱ्या वायरीचं पिन असलेलं टोक तुटून लोंबत होतं.

"ही झिजलेली नाही," ती कुजबुजली. "कुणीतरी हिसडा मारून तोडलीय."

म्हणजे तो येऊन गेला होता, आम्ही आत बसलेलो असताना!

"ताई, आत चल. मला भीती वाटतेय."

"मला काय कमी वाटतेय? म्हणून तर हा आधी चालू व्हायला हवा."

तिने तुटकं टोक कापलं, डब्यातून दुसरं काढलं. मीटर लावून वायरी दोनदा तपासल्या, कारण उलट जोडल्या तर कॅमेरा जळतो. मग तांबड्याला तांबडी, काळ्याला काळी जोडून वितळलेल्या कथलाचा डाग दिला आणि वर घट्ट टेप गुंडाळली. रस्त्यावर गाडी थांबली की तिचा हात थांबायचा, माझा श्वास.

हिरवा दिवा लागला. मोबाइलवर आमची दोघींची डोकी दिसली आणि मला रडूच आलं.

आवाजाने लेक जागी झाली, डोळे चोळत उंबऱ्यात आली. दिवा बघून ती पांढरीफटक पडली.

"आई, हे काय केलंस! मीच तोडली होती ती. आले त्या दिवशी, बाजूने कठड्यावर चढून. कॅमेरा त्यानेच बसवलाय ना? त्याच्याही मोबाइलवर सगळं दिसतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू आणखी घाबरशील म्हणून."

वर खरखर झाली. कॅमेऱ्यातून जावयाचा आवाज आला, नेहमीसारखाच गोड.

"आई, काम झकास केलंत. तिला तयार राहायला सांगा. निघालोय मी."

ताईने दोन्ही हातांनी वायर धरली आणि जीव खाऊन ओढली. तिने घातलेला जोड सुटला नाही.