मांड्याचा हात

देवीला अठरा हात, मला दोनच, आणि त्यातला उजवा उठेना. सप्तशृंगीवर मी चिडलेच होते. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आलेली. पितरांच्या नैवेद्याला आमच्याकडे पुरणाचे मांडे लागतात, ते मीच करते. सून म्हणाली, "यंदा विकतचे आणू." म्हटलं, मग पितरांना सांग, म्हातारी मेली.

डॉक्टरांनी खांद्यात इंजेक्शन सांगितलं होतं. पण आधी फिजिओथेरपीवाल्या मुलीकडून खांदा तपासून आणा म्हणाले. इंदिरानगरात तिच्याकडे गेले. तिने माझा हात धरला. "आजी, ढिला सोडा. वजन माझ्यावर टाका."

ते मला जमेना. आयुष्यात कुणावर वजन टाकलं नाही. ती उचलायला लागली की मी घट्ट.

"भांडताय तुम्ही माझ्याशी," ती म्हणाली. "खांदा अडकलाय की तुम्ही अडवताय, मला कळणार कसं?"

शेजारच्या खाटेवर मालेगावची एक बाई गुडघे शेकत बसली होती. बुरखा घातलेली, माझ्याच वयाची. "काय काम केलं या हाताने, आपा?"

"मांडे."

"लो! मी पण तेच. लग्नाघरी परातीच्या पराती."

मग आम्ही दोघी सुटलोच. माझी आई चुलीवर खापर पालथं घालायची. मांडा हातांवर झुलवत कोपरापर्यंत न्यायची, आणि तो इतका पातळ व्हायचा की मला खालून तिच्या बांगड्या दिसायच्या. तापल्या खापराचा वास त्या दवाखान्यात मला आला. खोटं कशाला सांगू, आला.

त्या बाईने शेकायचा टॉवेल माझ्या दोन्ही हातांवर टाकला आणि खालून स्वतःचे हात लावले. "झुलवा आपा. फाटला तर तुमच्या नावावर."

आम्ही झुलवत राहिलो. बोलता बोलता माझा हात कानापर्यंत गेला होता.

"तिथेच थांबा," मुलगी म्हणाली. "खांदा मोकळा आहे, आजी. दुखेल म्हणून तुम्ही धरून ठेवता. इंजेक्शनने दुखणं कमी होईल, पण पुढे रोज हेच करायचं."

इंजेक्शन घेतलं. आखाजीला मांडे घरीच झाले. पहिला माझा, जरा वाकडा. बाकीचे सुनेने केले. तिचे हात मी खालून धरले होते. "वजन टाक माझ्यावर," म्हटलं.

त्या बाईचं नाव विचारायचं राहूनच गेलं. मी देवीकडे माझा एक हात मागितला होता, तिने दुसरीचे दोन पाठवले. आता मी देवीशी भांडत नाही. मी वजन टाकायचं; कुणाच्या हातांवर, ते ती बघते.