मिठागरावरचे खोटे आकडे

ते आकडे मी वाचले नव्हते. आठ सकाळी बांधावर उभे राहून अंदाजाने लिहिले.

आमच्या कॉलेजचे प्रोफेसर आणि वीज कंपनी मिळून उरणच्या मिठागरांत एक प्रयोग करत होते. समुद्रावरचा खारा वारा खांबावरच्या तारा तोलणाऱ्या चिनी मातीच्या वाट्यांवर मिठाचा थर चढवतो. त्यावर दंव पडले की वीज त्या ओल्या थरावरून झिरपून खांबात उतरू पाहते. ती किती झिरपते, हे खांबाखालच्या पत्र्याच्या खोपटातल्या यंत्रावर रोज उन्हाआधी वाचायचे. काटा चढू लागला की पुरवठा बंद करून वाट्या धुवायच्या. वाचायचे काम माझे, म्हणजे प्रोफेसरांच्या मदतनिसाचे; धुवायचे कंपनीच्या वायरमनचे. तो तिथलाच, आगरी, माझ्या वडिलांच्या वयाचा.

दंवाच्या सकाळी वाट्या फुसफुसत, निळसर ठिणग्या त्यांच्यावरून सरपटत. मी भिऊन खोपटात शिरतच नसे.

"मास्तर, वीज हाय ती, सासू न्हाय," तो हसायचा. "लांबनं नमस्कार करून भागायचं न्हाय."

मीही हसायचो, आणि कालचाच आकडा थोडा इकडेतिकडे करून लिहायचो. वहीत काटा शांत होता, म्हणून वाट्या धुतल्याच गेल्या नाहीत.

नवव्या दिवशी प्रोफेसर लाँचने येणार होते. आत जाणे भाग होते, पण आवाज इतका वाढला होता की पाऊल उचलेना.

"तुम्ही दार उघडा, मी वही काढतो," मी म्हणालो.

"हातात काय हाय मग? पंचांग?" म्हणत तो पुढे गेला. त्याने लोखंडी कडीला हात लावला आणि वर तोफ उडावी तसा आवाज झाला. वीज खांबातून खोपटाच्या पत्र्यात आणि कडीत उतरली होती.

तो वाचला. उजव्या हाताची बोटे मात्र कायमची आखडली. चौकशीत माझी वही पुढे आली: आठ दिवस काटा शांत. मग दोष त्याचाच उरला. हातमोजे न घालता कडीला हात लावला म्हणून त्याला कामावरून काढले. हातमोजे आम्हा दोघांनाही कधी मिळाले नव्हते. मी समोर बसलो होतो. नोकरी जाईल, कदाचित तुरुंगही होईल, या भीतीने मी खरे सांगितले नाही.

पुढे दहा-बारा वर्षे टपालात उरणचा शिक्का दिसला की ते पाकीट मी न उघडताच बाजूला ठेवी. शेवटी प्रोफेसरांना सांगितले.

"कंपनीला सहीनिशी लिहा," ते म्हणाले. "आणि त्याच्याकडे स्वतः जा."

लिहिले, आणि गेलो. तो ओट्यावर डाव्या हाताने वाल निवडत होता.

"कोन, मास्तर? पार पिकलात की!"

मी त्याच्यासमोर खाली बसलो.

"काटा मी पाहिलाच नव्हता," मी म्हणालो. "वहीतले सगळे खोटे होते. त्या दिवशी धोका कळत होता, तरी भिऊन तुम्हाला पुढे पाठवले. चूक तुमची नव्हती, माझी होती. कंपनीला तसे लिहून दिले आहे. मला क्षमा करा."