पल्तिएल कुठपर्यंत गेला

वेताच्या खुर्च्या विणणाऱ्या त्या माणसाचं नाव होतं पल्तिएल. नाव सांगितलं की ऐकणारा हमखास "काय?" म्हणायचा. पुन्हा सांगितलं की मान डोलवायचा, म्हणजे कळलं नाही पण आता पुरे. शाळेतल्या पोरांनी त्याचं लगेच 'पलटी' करून टाकलं आणि पुढे बाजारात तो पलटीशेठ झाला. शेठ म्हणावं असं त्याच्याजवळ होतं काय, तर एक टोचा, एक लहान हातोडी, वेत भिजत घालायचं घमेलं आणि गल्लीच्या तोंडाशी एक दुकान, ज्यात दोन खुर्च्या ठेवल्या की तिसरी बाहेर काढावी लागायची.

घर ज्यू, नाव हिब्रू. अर्थ मोठा चांगला, देवाने मला सोडवलं. ठेवण्यामागे कारणही तसंच होतं. त्याच्या वेळी आई फार अडली होती. सुईणीने हात टेकले होते. आता काही खरं नाही असं सगळे म्हणत असताना ती मोकळी झाली आणि दोघं जीव वाचले. बाप सुतार, अक्षरओळख बेताचीच. त्याने जाणत्या माणसांकडून नावांचे अर्थ विचारून घेतले. 'सोडवलं' हा शब्द कानावर पडला तसा म्हणाला, बस, हेच. अर्थ पाहिला, पण हे नाव आधी कुणाचं होतं ते विचारायचं राहून गेलं. आपण नाही का घर बघायला जातो, दारं-खिडक्या ठोकून बघतो आणि शेजार बघायचाच विसरतो, तसं झालं.

ते उघडकीला आलं पोरगा प्रार्थनेच्या वर्गात जायला लागल्यावर. तिथल्या म्हाताऱ्या गुरुजींनी नाव ऐकलं, चष्मा काढला, पुसला आणि विचारलं, हे तुला ठेवलं कुणी रे बाबा? मग त्यांनी जुन्या ग्रंथातली हकिकत सांगितली. एक राजा होता, म्हणजे अजून व्हायचा होता. त्याची बायको गादीवरच्या राजाची लेक. सासऱ्याचं आणि जावयाचं फाटलं, जावई जीव घेऊन पळाला, तर सासऱ्याने लेक उचलून दुसऱ्यालाच देऊन टाकली. तो दुसरा म्हणजे पल्तिएल. पुढे सासरा लढाईत मेला, जावई राजा झाला आणि त्याने निरोप धाडला की माझी बायको मला परत हवी. तिला न्यायला आले. पल्तिएल रडत रडत तिच्या मागोमाग चालत निघाला. एका गावापाशी आल्यावर सेनापती म्हणाला, जा, परत फीर. आणि तो परत फिरला. झालं. पुढे त्याचं काही नाही. राजाचं येतं, सेनापतीचं येतं, तिचंही थोडंफार येतं. हा घरी जाऊन जेवला का उपाशी निजला, ते कुणी लिहिलं नाही.

ग्रंथात आणखी एक पल्तिएल आहे, पण तो कुठल्याशा कुळाचा मुखिया, नुसता नावापुरता येऊन जातो. गुरुजी म्हणाले, लोक मुलांना राजांची नावं ठेवतात, संदेष्ट्यांची ठेवतात, या बिचाऱ्याचं कोण ठेवणार? त्यांनी आपल्या उभ्या आयुष्यात दुसरा पल्तिएल पाहिला नव्हता.

पोरगा घरी येऊन फुगून बसला. बापाने सगळं ऐकून घेतलं आणि आधीच गुळगुळीत झालेल्या फळीवर पुन्हा रंधा मारायला लागला. खूप वेळाने म्हणाला, अर्थ तर चांगला आहे ना.

लग्न ठरलं तेव्हा मुलीलाही हा खुलासा द्यावा लागला. ती शिंप्याची लेक, जीभ कात्रीसारखी चालायची. सगळं ऐकून तिने विचारलं, "म्हणजे उद्या मला कुणी न्यायला आलं तर तुम्ही रडत बसणार?"

"बसणार कशाला," तो म्हणाला. "तो चालत गेला होता."

ती इतकी हसली की आतून तिच्या आईने डोकावून पाहिलं. त्या हसण्यावर त्याची पुढची सगळी वर्षं निघाली.

खुर्ची विणायची त्यांची रीत अशी. चौकट दोन ठोकळ्यांवर आडवी ठेवायची. हा वरून वेताची पट्टी भोकात घालायचा, ती खाली बसून टोक पकडायची, ताणायची आणि पुढच्या भोकातून वर सारायची. एकट्याने करायचं तर दर वेळी वाकून खाली हात घालावा लागतो, पट्टी पिळवटते, ताण सैल पडतो. दोघांनी केलं की काम पाण्यासारखं. तिचा चेहरा त्याला दिसायचा नाही, आवाज तेवढा विणीतून वर यायचा. कुणाची सून कशी, दूधवाला पाणी किती घालतो, जावेने आणलेलं कापड पहिल्या धुण्यात कसं आटलं. वीण भरत गेली की आवाज जरा दबून यायचा. मग ती ओरडून बोलायची आणि रस्त्यावरच्या लोकांना वाटायचं, शेठचं भांडण चाललंय.

मुलगा एकच. शिकला, दूरच्या मोठ्या शहरात नोकरीला लागला, तिथेच लग्न केलं. सुनेला मुलगी झाली तेव्हा तो आईला न्यायला आला. दोन-तीन महिने, बाबा, फार तर चार. ह्याच्याकडे तेव्हा एका सभागृहाच्या खुर्च्या आल्या होत्या, हलता येत नव्हतं. त्याने तिची पेटी उचलली, गल्लीच्या टोकापर्यंत नेली, मग मोठ्या रस्त्यापर्यंत नेली, गाडीत चढवली तरी हात काढेना. मुलगा म्हणाला, "बाबा, जा आता घरी. ऊन लागेल." आणि तो घरी आला. दुकानात बसल्यावर त्याच्या लक्षात आलं, आपण काय केलं ते. मग एकटाच हसला. ती असती तर तिला सांगितलं असतं.

चार महिन्यांनंतर झालं, मूल रांगायला लागलं की पाठवतो. मग चालायला लागलं की. मग सुनेची रजा संपली, मग दाई टिकली नाही, मग शाळा. कुणाचं काही चुकत नव्हतं. सून वागायला चांगली होती, मुलगा दर महिन्याला विचारायचा, बाबा, काही लागतं का? त्याला काय लागतं ते त्याला बोलता येत नसे, म्हणून तो काही नको म्हणायचा. रविवारी फोन यायचा. ती बोलायची, पण मागे पोरगी रडत असायची नाहीतर हसत असायची. दर दोन वाक्यांनी ती म्हणायची, थांबा हं, आणि मग त्याला नातीशी चाललेलं तिचं बोलणं ऐकू यायचं. ते ऐकायला त्याला आवडायचं. आपल्याशी बोलण्यापेक्षा ते जास्त मोकळं होतं.

इकडे तो चौकट उभी करून विणायला शिकला. एकदा पुढून, एकदा मागून. दिवसभर खुर्चीभोवती प्रदक्षिणा. समोरची इस्त्रीवाली म्हणायची, शेठ, खुर्चीशी लग्न लावताय की काय? बायको पळाली का तुमची? तो म्हणायचा, पळाली नाही, तिला बढती मिळाली. लोक हसायचे. संध्याकाळी तो एका माणसाचा स्वयंपाक करायचा आणि दोन माणसांचा व्हायचा. हाताला मापच ते होतं. उरलेलं सकाळी खायचा.

एकदा जाऊन आला तिकडे. घर चांगलं, पण दोनच खोल्या. हा बैठकीतल्या कोचावर, ती आत नातीजवळ. पोरगी आजीचा पदर मुठीत धरल्याशिवाय झोपत नसे. दोघांना एकमेकांशी बोलायला मिळालं ते एकदा भाजी आणायला गेले तेव्हा, आणि तेव्हा ते भाजीबद्दलच बोलले. मुलगा म्हणाला, बाबा, तुम्हाला इथे करमायचं नाही. हा म्हणाला, खरं आहे. आणि परत आला.

नात शाळेत जायला लागली तसे सुनेला पुन्हा दिवस गेले. नातू झाला. रविवारी फोनवर आईच्या आधी मुलगाच बोलायला आला, ते म्हणजे नवलच. बाळ छान आहे, तब्येत छान आहे, असं सगळं सांगून झालं आणि मग जरा अडखळत तो म्हणाला, "बाबा, आमच्या दोघांच्या मनात आहे की बाळाला तुमचंच नाव ठेवावं. असं नाव कुठे ऐकायला मिळत नाही."

मुलगा मायेने बोलत होता. दुसऱ्या कुणाही आजोबाला गहिवरून आलं असतं. ह्याच्या तोंडून निघालं, "नाव नको."

"का हो?"

"माझ्यावरच संपू दे ते. तू तुझ्या आईला पाठव."

वेताची पट्टी त्याच्या बोटांत होती, ती त्याने इतकी वाकवली की मोडली. मग मुलगा हळू आवाजात म्हणाला, आईलाच देतो. ती आली. आज मागे कुणी रडत नव्हतं.

"हे आधी का नाही बोललात?"

"मला वाटलं, तू रमलीस."

"रमले तर आहेच," ती म्हणाली. "पण या न्यायला."

तो गेला. सुनेने बाळाला सांभाळायला बाई लावली होती, डबा बांधून दिला, डोळे पुसले. बाळाचं नाव सुटसुटीत ठेवलं होतं, शाळेत कुणी हसणार नाही असं. निघायच्या दिवशी नात कुठे दिसेना. ती कपाटामागे बसली होती. तिला कुणी ओढून काढलं नाही. हे दोघं भाड्याच्या गाडीत बसले, पेटी पुढे ठेवली, गाडी हलली आणि मागून आवाज आला. अनवाणी पोरगी रडत रडत गाडीमागून येत होती. पळत नव्हती. तिला कळलं होतं की पळून उपयोग नाही, म्हणून नुसती चालत होती. वळणापाशी तिच्या बापाने तिला गाठलं, खाली वाकून काहीतरी सांगितलं, आणि ती परत फिरली.

हे सगळं त्याने मागच्या काचेतून पाहिलं. जन्मभर ग्रंथातल्या त्या गोष्टीत तो स्वतःला एकाच जागी उभा करत आला होता. दुसऱ्या जागेवर, गाडीत, हवं ते घेऊन निघालेला आपणही असू शकतो, हे त्याच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. बायकोने मान वळवली नाही. तिने पिशवी मांडीवर घट्ट धरली होती.

घरी आली, पदर खोचला, दोन दिवस जाळी-जळमटं काढली, भांडी घासून पांढरी केली, त्याच्या स्वयंपाकाला नावं ठेवली. तिसऱ्या दिवशी दुकानात येऊन खाली बसली. हात तिचा तसाच होता, पट्टी ताणून बरोबर पुढच्या भोकातून वर यायची. आवाज मात्र वर येत नव्हता. त्याने इस्त्रीवालीचं सांगितलं, बढतीचं सांगितलं. खालून हं आलं. एरवी ती असं हसली असती की चौकट हलली असती. मग तोही गप्प विणत राहिला. एकट्याने विणताना जितकं शांत असायचं तितकंच शांत.

रविवारी फोन आला. तिने दोन्ही हातांनी धरला. नात बोलायला येईना. मागून तिचा आवाज ऐकू आला, मला नाही बोलायचं तिच्याशी. बायको फोन त्याच्या हातात देऊन म्हणाली, तुम्ही बघा. आणि आत निघून गेली.

पलीकडे बापाने पोरीला काहीतरी समजावलं असावं. फोन कानाशी आल्याची खरखर झाली.

"आजोबा, तुम्ही तिला का नेलं?"

तिच्याशी खोटं बोलणं सोपं होतं. आजीचं घर इथे आहे, आजीला विश्रांती हवी होती, तू आता मोठी झालीस. हे सगळं त्याच्या जिभेवर येऊन गेलं.

"मला एकट्याला करमत नव्हतं गं," तो म्हणाला.

तिच्या नाकाचा सूंसूं आवाज येत होता.

"मला पण नाही करमत," ती म्हणाली.

फोन तिने ठेवला नाही, आणि त्यानेही ठेवला नाही.