अंकलचा प्रश्न

लिफ्टमध्ये कुणी औषधी तेल चोळून शिरलं, की सिंगापुरातल्या बेडोकचे आमचे शेजारी, चिनी अंकल आठवतात. दहाएक वर्षांपूर्वी आधुनिक चीनच्या इतिहासावरच्या व्याख्यानाला ते हट्टाने माझ्याबरोबर आले होते. गारठलेल्या सभागृहात प्राध्यापक तिथलं नेतृत्व, धोरणं, अभ्यासकांमधले मतभेद उलगडून सांगत होते. अंकल मध्येच उभे राहिले. "माझी बहीण इथून बोटीने तिकडे शिकायला गेली. साठ सालच्या तिकडच्या दुष्काळात तिची पत्रं थांबली. तिचं काय झालं?" प्राध्यापकांनी नुसती मान खाली घातली. परतताना एमआरटी ट्रेनमध्ये कपाळाला तेल चोळत, इथल्या बोलीतला 'ला' जोडत अंकल म्हणाले, "बघितलंस? त्याला माहीत आहे ला, फक्त सांगवत नाही." त्याला माहीत नाही, कुणालाच माहीत नाही, हे शब्द माझ्या ओठांशी येऊन तिथेच थांबले, तो वास आला की अजून येतात.