नऊवर अडलेलं चाक

सासऱ्यांच्या छापखान्यात मला कागदांच्या घड्या घालायची आणि डिंक लावायची मुभा होती. यंत्राला हात लावायचा नाही, एवढीच अट. सात रस्त्याजवळच्या त्या दोन खोल्यांत पायाने चालवायचं एक छापयंत्र होतं आणि त्यात बसवायचं, काडेपेटीएवढं नंबरिंग मशीन. दर दाबाला त्याचं चाक एक घर सरकायचं आणि कार्डावर पुढचा आकडा उमटायचा. निदान तसं व्हायला हवं होतं.

दुष्काळाचं साल होतं. सांगोल्याकडच्या एका दुष्काळी कामाची हजेरीकार्डं आम्ही छापून दिली होती. एके सकाळी तिथला मुकादम एसटीने आला आणि त्याने दोन कार्डं मामंजींच्या पुढ्यात ठेवली. दोन्हींवर तीनशे एकोणचाळीस.

"एकीची हजेरी लागली, दुसरीला सायबानं परत धाडलं," तो म्हणाला. "चार कोस चालत आलती खडी फोडाया. मला इच्यारती, ह्यो नंबर तिचा, तर मग मी कोन हाय?"

त्याला सगळी कार्डं नव्याने हवी होती, चारशे, दुपारच्या गाडीच्या आत. मामंजींनी मशीन अंगठ्याने दाबून पाहिलं. चाक नऊवर येऊन रुसून बसायचं. म्हातारं झालंय, पुण्याहून नवं मागवू, आठ दिवस लागतील, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. माझं डोकंच तडकलं. आठ दिवस त्या बाईने काय फोडायचं, स्वतःचं कपाळ? मी म्हणाले, मी बघते. मामंजींनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी एसटी चालवायला मागितली होती. पण मुकादम समोर बसलेला, त्यामुळे नाही म्हणणंही अवघड झालं.

मी मशीन उजेडात धरलं. चाकांच्या दातांत पिवळट चिकटा साचला होता. टाचणीने थोडा खरवडून वास घेतला आणि मनाने थेट स्वयंपाकघरात पोचले. करडईच्या तेलाच्या डब्याच्या तोंडाशी जमतो तोच हा थर, जो मी दर पंधरवड्याला रॉकेलच्या बोळ्याने काढत असे. मग आठवलं. दर खंडेनवमीला मामंजी या मशीनला हळदकुंकू वाहायचे आणि घाण्यावरचं शुद्ध करडईचं तेल प्रेमाने चोळायचे. ते वर्षानुवर्षं वाळत गेलं आणि त्याचा डिंक झाला. मला आधी हसू आलं, मग राग.

वाटीत रॉकेल ओतून मशीन बुडवून ठेवलं. रॉकेल चहासारखं तांबूस झालं. ते फेकून दुसरं घेतलं, जुन्या टूथब्रशने एकेक दात घासला, खाचांतून सुई फिरवली. फडक्याने कोरडं केलं, उन्हात ठेवलं. शेवटी शिलाई मशीनच्या तेलाचा सुईच्या टोकावर मावेल एवढाच थेंब, कारण जास्त झालं तर कार्डावर डाग पडणार. अंगठ्याने दाबत गेले. सात, आठ, नऊ. मी पुन्हा दाबलं. दहा! पुढे नव्व्याण्णवच्या मागून शंभरही मुकाट्याने आला. मी तिथल्या तिथे टाळी वाजवली, आणि मला मुळीच लाज वाटली नाही.

काय झालं होतं, असं मामंजींनी विचारलं. मी सांगितलं. शब्द मवाळच निवडले होते, तरी त्यांचे कान लाल झाले. त्यांनी वाटीतल्या रॉकेलमध्ये बोट बुडवून पाहिलं. मग यंत्रापासून बाजूला सरकले.

"सूनबाई," ते म्हणाले, "तूच चालव."

पायाखाली ते यंत्र पहिल्यांदाच धडधडलं आणि मला आभाळ ठेंगणं झालं. चारशे कार्डं निघाली, चारशे वेगळे आकडे. मुकादमाने गठ्ठ्यातलं पहिलं कार्ड वेगळं काढलं. हे तिला, म्हणाला.

मी ते त्याच्या हातून परत घेतलं, उजेडात पाहिलं आणि दिलं.

"तिला सांगा, हा नंबर दुसऱ्या कुणाचा नाही. मी तपासलाय."

त्याने ते टोपीच्या घडीत खोचलं आणि बाकीचा गठ्ठा काखेत मारून तो गाडीसाठी पळाला.