सातव्या भागातला राक्षस

मालिकेचा सातवा आणि शेवटचा भाग मी जव्हारच्या शाळेत मधल्या सुट्टीत वाचून संपवला आणि शिक्षकांच्या खोलीतच रडू लागले. शेजारच्या बाईंनी घाबरून विचारलं, "कोण गेलं हो?" मी म्हटलं, "राक्षस." त्यांनी निमूटपणे डबा उघडला.

राक्षस मेल्याचं वाईट वाटलंच, पण खरी पंचाईत वेगळी होती. हेच पुस्तक मला मोखाड्याला जाऊन बाबांना वाचून दाखवायचं होतं. आधीचे सहा भाग त्यांनी असेच ऐकले होते, ओटीवर तंबाखू मळत. जादूगार, उडते घोडे, शूर राजकन्या, कुणाचंच त्यांना कौतुक नव्हतं. "यांना लवकर आटप," म्हणायचे. "आपला कुठं हाय?" आपला म्हणजे राक्षस.

कारण उभं आयुष्य बाबांनी बोहाड्यात राक्षसाचं सोंग नाचवलं. बोहाडा म्हणजे देवांचे आणि राक्षसांचे मुखवटे बांधून नाचण्याचा आमचा उत्सव. कुठलं सोंग कुठल्या घराचं हे ठरलेलं असतं, आणि आमच्या घराकडे राक्षस. संबळाच्या तालावर बाबा नाचत यायचे आणि शेवटी देवीच्या हातून मरायचे. यंदा डॉक्टरांनी सांगितलं की हृदय दमलंय, नाचायचं नाही. मुखवटा चुलतभावाने बांधला आणि बाबांचं बोलणंच आटलं. जेवायला बसतानाही हो-नाही एवढंच. पुस्तक काढलं की मात्र कान टवकारायचे. अशा माणसाला राक्षस मेल्याचं ऐकवायची माझी छाती होईना.

शनिवारी जीपमध्ये चौघींच्या मध्ये चेपून बसल्या बसल्या मी नवा शेवट रचला. राक्षस हरतो, शस्त्र टाकतो, डोंगरापलीकडे निघून जातो आणि तिथे सुखाने राहतो. रविवारी दुपारी पुस्तकात डोळे घालून मी तो धडाधडा वाचला. स्वतःवर जाम खूश होते.

बाबांचा तळहातावरचा अंगठा थांबला. "निघून गेला?"

"हो."

"देवी समोर उभी, अन् हा निघून गेला?"

"राजकन्या, बाबा."

"तीच." ते भडकलेच. "पोरी, मी दरसाल मेलो. सगळ्या गावादेखत मेलो. मी पडलो की बाया हात जोडायच्या. सात पुस्तकं याच्यासाठी बसून राहिलो, अन् याला मरू पण देत नाय? लिहिणाऱ्याला काय अक्कल नाय."

भलत्याच माणसावर आळ आल्यावर मला कबूल करावं लागलं. बाबांनी असं पाहिलं की मी पुन्हा दुसरीत जाऊन बसले.

"खरं वाच," ते म्हणाले.

मी वाचू लागले. राक्षस गुडघ्यांवर आला, हातातली ढाल सुटली, आणि पुढच्या ओळीला माझा आवाजच फुटेना. मला त्या राक्षसाची काळजी कधीच नव्हती. समोर बसलेल्या माणसाची होती, आणि ते त्यालाही कळलं.

बाबा सरकत जवळ आले. पाण्याचा तांब्या माझ्या हातात दिला.

"पाणी पी," ते म्हणाले, "अन् मोठ्यानं वाच. रडत वाचलंस तं त्याचं मरण वाया जाईल."

मी दोन घोट प्यायले आणि मोठ्याने वाचलं.